नासक्या हाताची आणि हातगौरीची कहाणी

हातगौरीमाये, पाटावर ये, हळदीकुंकवाला बैस, आपली कहाणी ऐक. बायांनो, तुम्हीही ऐका. पाच पाच दाणे तांदूळ उजव्या हातात घ्या. मूठ मिटा. कहाणी संपेतो मूठ उघडायची नाही. हुंकार द्यायचा, पण मधेच उठून चुलीवर आधण ठेवायचं नाही. गेल्या खेपेला दोघी उठल्या होत्या. त्या कोण, ते मी सांगत नाही, त्यांना ठाऊक आहे.

एक होतं आटपाट नगर. नगरात एक लांबलचक आळी होती. आळीत एक घर होतं. घरात सासू होती, थोरली सून होती, धाकटी सून होती. थोरलीचं नाव भागीरथी, धाकटीचं नाव मथुरा. घरात खायला होतं, ल्यायला होतं, गोठ्यात गाय होती. उणं म्हणून काही नव्हतं. उणं होतं ते मथुरेच्या मनात होतं.

ते कसं झालं? मथुरा लग्न होऊन वैशाखात घरी आली. ज्येष्ठात कैऱ्या आल्या. सासू म्हणाली, "मथुरे, यंदाचं लोणचं तू घाल." मथुरा हरखली. कैऱ्या पुसल्या, फोडी केल्या, मीठमोहरी लावली, बरणी भरली, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. आषाढात आळीतल्या बाया जेवायला आल्या. सासूनं कौतुकानं बरणी उघडली. तों काय झालं? वर बोटभर बुरशी, आत घाण वास. चारचौघींत सासूचं तोंड उतरलं. रागाच्या भरात ती बोलून गेली, "हिचा हातच नासका."

तीन शब्द होते. सासू बोलली, बाया हसल्या, पानं वाढली, जेवणं झाली. सगळ्या विसरल्या. मथुरा विसरली नाही. तिनं ते तीन शब्द उचलले, पदराला गाठ मारावी तसे मनाशी बांधले, आणि बारा वर्षं सोडले नाहीत.

मग काय झालं? विरजण लावायचं आलं, मथुरा म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही लावा, माझा हात नासका." लोणचं घालायचं आलं, मथुरा म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही घाला, माझा हात नासका." पुरण शिजवायचं आलं, मथुरा म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही शिजवा, माझा हात नासका." भागीरथी मनानं बरी, हातानं चलाख. ती पदर खोचून उठायची. खरं सांगायचं तर आपल्यावाचून घराचं पान हलत नाही, याचं तिला सुखही वाटायचं. वाटतंच की. आपल्यालाही वाटतं.

मग मथुरा काय करायची? ती पाणी भरायची, दळण दळायची, गाय धुवायची, सारवण करायची, सासूचे पाय चेपायची. ही सगळी कामं कुठल्या हातानं होत होती? त्याच हातानं. पण ती तिनं कधी हिशेबात धरली नाहीत. नासका म्हटला तो हात तिला रोज दिसायचा, राबला तो कधी दिसला नाही.

आणि चैत्र आला की काय व्हायचं? आळीत वाळवणं निघायची. गहू तीन दिवस भिजायचा, वाटला जायचा, त्याचा पांढरा चीक निघायचा. तो मोठ्या पातेल्यात शिजवायचा, गरम आहे तोवर सोऱ्यात भरायचा आणि धुतल्या लुगड्यावर कुरडया घालायच्या. त्या दिवशी सगळ्या आळीच्या बाया एका अंगणात. कुणी ढवळतंय, कुणी सोऱ्या दाबतंय, कुणी गाणं म्हणतंय. आणि मथुरा? मथुरा वेळूची काठी घेऊन कडेला. कावळे राखायला. बारा चैत्र तिनं कावळे राखले. आळीतले कावळे तिला ओळखायला लागले होते, ती उठली की तेही उठायचे, ती बसली की तेही बसायचे. हसू नका गं. तिला हसू येत नव्हतं.

मथुरेला एक लेक झाली. तिचं नाव तानी. तानी बडबडी, तानी चुळबुळी, तानी दिसेल ते करून बघणारी. आता त्या आळीची एक रीत होती. मुलीला आठवा उन्हाळा लागला की चैत्रातल्या वाळवणाला तिचा हात उजवायचा. म्हणजे काय करायचं? मुलीनं आईच्या हाताला हात लावून आपली पहिली कुरडई घालायची. मग पाच बायांनी तिच्या तळहाताला कुंकू लावायचं. त्या दिवसापासून ती मुलगी कामाची झाली, घराची झाली, तिच्या हातचं चारचौघांनी खायचं.

फाल्गुन सरत आला. सासू म्हणाली, "तानीला यंदा आठवं. हात उजवायचा. मथुरा काही चिकाला हात लावायची नाही. भागीरथी, तूच तिचा हात धर." भागीरथी म्हणाली, "धरीन की, माझीच लेक आहे." सगळ्या तानीकडं बघायला लागल्या. तानी काय म्हणाली? तानी म्हणाली, "मला नको."

सासू म्हणाली, "नको कसं? सगळ्या मुली करतात."

तानी म्हणाली, "मी आईजवळ बसून कावळे राखीन. माझा हात आईवर गेलाय."

तिनं ते रडत नाही म्हटलं, चिडून नाही म्हटलं. डोळे काळे आहेत, केस कुरळे आहेत, तसं सांगून टाकलं आणि ती खेळायला पळाली. मथुरा दारात उभी होती. तिच्या मनात आलं. बारा वर्षं आपण जे उराशी धरलं, ते लेकीनं न मागता उचललं. दागिना द्यावा तसं आपण तिला हे दिलं. आता ही लेक उद्या सासरी जाईल, तिथंही काठी घेऊन कडेला बसेल. हे कुणी थांबवायचं?

दुसऱ्या दिवशी मथुरा विहिरीवर गेली. घागर भरली आणि तिथंच बसून रडायला लागली. तों एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, पायाला धूळ, तोंड उन्हानं सुकलेलं. म्हातारी म्हणाली, "बाई, बाई, तहान लागली. तुझ्या ओंजळीनं पाणी पाज."

मथुरा म्हणाली, "आजी, जरा दम धरा, जाऊबाईंना हाक मारते."

"का गं? तहान मला लागलीय, तुझ्या जावेला नाही."

"आजी, माझा हात नासका आहे. पाणीही नासायचं."

म्हातारी मटकन खाली बसली आणि अशी हसली, अशी हसली, की विहिरीवरची कबुतरं उडाली. म्हणाली, "ही घागर कुणी भरली?" मथुरा म्हणाली, "मी." "आणि तुझ्या घरी रोज पाणी कोण भरतंय?" "मी." "मग घर अजून जिवंत कसं?" मथुरेनं घागरीतलं पाणी घेतलं. ओंजळ म्हातारीपुढं धरली. म्हातारी घटाघटा प्यायली, तोंड पुसलं, म्हणाली, "गोड आहे. आता सांग, का रडतेस?"

मथुरेनं सगळं सांगितलं. लोणचं सांगितलं, कावळे सांगितले, तानी सांगितली. म्हणाली, "आजी, मी आहे तशी आहे, माझं काही नाही. पण लेकीचा हात तेवढा सोडवा."

म्हातारी म्हणाली, "लेकीचा हात तुझ्या हातात अडकलाय. मी कसा सोडवू? तुला एक वसा सांगते. तो हातगौरीचा वसा. घेतलास तर अर्ध्यावर टाकायचा नाही आणि दुसरीच्या गळ्यात घालायचा नाही."

मथुरा म्हणाली, "घेते. सांगा."

"चैत्राचे शुक्रवार धरावे. सकाळी उठावं, हात धुवावे, आपल्याच तळहाताला आपणच हळदकुंकू लावावं. काल या हातानं काय काय केलं, ते मोठ्यानं म्हणावं. मग ज्या कामापासून आपण पळतो, त्यातलं एक काम आपल्या हातानं करावं, आणि आल्या पाहुण्याला वाढावं. पाहुणी मीच येईन. माझ्या हातात मूठभर गहू असतील. वसा पुरा झाला तर ते तुझ्या पदरात घालीन. नाही झाला तर उंबऱ्यावर ठेवून जाईन." एवढं म्हणून म्हातारी उठली आणि वळणाआड गेली.

चैत्र लागला. पहिला शुक्रवार आला. मथुरा उठली, हात धुतले, तळहाताला हळदकुंकू लावलं. मोठ्यानं म्हणायला गेली, तर शब्द फुटेना. काल काय केलं? काही नाही, घरातलंच. एवढंच पुटपुटली. मग विरजण लावायला बसली. दूध कोमट केलं, दह्याची कवडी घेतली, आणि ती दुधात सोडवेना. काय केलं तिनं? हळूच हाक मारली, "जाऊबाई, या विरजणाला नुसता हात लावून जा." भागीरथीनं बोट लावलं. दही असं लागलं, की वाटी उपडी केली तरी हलेना. दुपारी म्हातारी आली. दही खाल्लं, बोटं चाटली, म्हणाली, "छान आहे. पण हे तुझ्या हातचं नाही." मूठभर गहू उंबऱ्यावर ठेवले आणि निघून गेली.

दुसरा शुक्रवार आला. मथुरा म्हणाली, या खेपेला चूक नाही. हात धुतले, हळदकुंकू लावलं, म्हणाली, "काल या हातानं दोन पायली दळलं." जरासं बरं वाटलं. मग पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या. कुणाला हाक मारली नाही. दुपारी म्हातारी आली, पाटावर बसली. मथुरा पान वाढता वाढता बोलायला लागली. "आजी, पोळी जमली नाही हं. कडा जाड राहिल्या. पुरणही जरा सैल झालं. मला येतच नाही हो. तुम्ही आपली गोड मानून घ्या. माझा हातच तसा." म्हातारीनं हात धुतला आणि पानावरून उठली.

मथुरा घाबरली. "आजी, पोळी तशीच राहिली."

म्हातारी म्हणाली, "अगं, आधी तू एवढी माफी वाढलीस, की तिनंच पोट भरलं. पोळीला जागा उरली नाही." मूठभर गहू उंबऱ्यावर ठेवले आणि निघून गेली.

आपल्यातल्या किती जणी असं करतात, सांगा बरं. पाहुण्यानं घास उचलला नाही, तोवर आपण आमटी बिघडल्याचं सांगून मोकळ्या. मुठी मिटूनच ठेवा, हात वर करायला नाही सांगितलं.

तिसरा शुक्रवार आला. मथुरा म्हणाली, आता काहीच चुकवायचं नाही. हात धुतले, हळदकुंकू लावलं, म्हणाली, "काल या हातानं गाय धुतली, अंगण सारवलं, तानीची वेणी घातली." मग तांदळाची खीर केली. कुणाला हाक मारली नाही. म्हातारी आली, मथुरेनं ओठ घट्ट मिटून वाढलं. म्हातारीनं एक वाटी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी मागून घेतली. म्हणाली, "मथुरे, झकास केलीस गं खीर." मथुरेच्या तोंडून काय निघालं? "माझं कसलं हो. तांदूळ आंबेमोहोर होता. दूध आपल्या गाईचं. बाकी देवाची कृपा."

म्हातारी म्हणाली, "असं होय? मग गहू गाईला द्यावे म्हणते." आणि उठली.

आता मात्र मथुरेला राग आला. बारा वर्षांत आला नव्हता तो आला. ती दारात आडवी उभी राहिली. "आजी, थांबा. पहिल्या शुक्रवारी जावेला हात लावू दिला, ते चुकलं. दुसऱ्या शुक्रवारी आधीच रडले, ते चुकलं. आज सगळं माझ्या हातानं केलं, तोंड मिटून वाढलं, तरी चुकलं. मग मी करू तरी काय?"

म्हातारीचे डोळे चमकले. म्हणाली, "आत्ता कशी बोललीस. बस. मला ती बरणी सांग."

"कुठली बरणी?"

"बारा वर्षांपूर्वीची. लोणच्याची. कशी होती? कधी धुतलीस? कशी पुसलीस?"

मथुरा खाली बसली. बारा वर्षांत तिनं ते लोणचं हजारदा आठवलं होतं. बुरशी आठवली होती, बायांचं हसू आठवलं होतं, सासूचं तोंड आठवलं होतं. बरणी कधी आठवली नव्हती. ती आठवायला लागली. "त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. फोडी कापून झाल्या होत्या. बरणी मी सकाळीच धुतली. ऊन नव्हतं. सासूबाई येतील, अजून झालं नाही का म्हणतील, म्हणून घाई केली. पदरानं पुसली आणि..." मथुरा थांबली.

"आणि?"

"आजी, बरणी ओली होती."

म्हातारी म्हणाली, "ओली बरणी. मग हातानं काय करावं?"

मथुरेला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदम आलं. म्हणाली, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"वा गं वा," म्हातारी म्हणाली. "चुकलं तुझंच होतं. ओली बरणी कुणी भरली? तूच भरलीस. पण ती चूक होती. पुढच्या खेपेला बरणी उन्हात पालथी घातली असतीस, की चूक संपली. तू काय केलंस? चूक सोडलीस आणि हात धरलास. हात नासका म्हटला की मग काही करायलाच नको. कुणी रागवत नाही, काही बिघडत नाही. काठी घ्यावी, कावळे राखावे. मथुरे, खरं सांग. त्या काठीचा तुला आधार नाही झाला?"

हे बोल मथुरेला झोंबले. खरे होते म्हणून झोंबले. तिनं मान खाली घातली. मग म्हणाली, "झाला, आजी. मला भीती वाटायची. अजून वाटते."

"वाटू दे," म्हातारी म्हणाली. "मी वशात भिऊ नको असं कुठं सांगितलंय?" आणि मूठभर गहू उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

आता चौथा शुक्रवार. नीट बसा बायांनो. हाच तो दिवस. मथुरेच्या अंगणात वाळवण, आणि तानीचा हात उजवायचा.

दिवस उगवला. अंगण सारवलं, लुगडी पसरली, चुलवण पेटलं. आळीतल्या झाडून साऱ्या बाया आल्या. हीऽ गर्दी, हाऽ गलका. पातेल्यात पाणी उकळायला लागलं. मथुरेनं सकाळीच हात धुतले होते, हळदकुंकू लावलं होतं, आणि आज तिनं पाच कामं मोठ्यानं म्हटली होती. ती अंगणात आली, तों काय दिसलं? तानी कडेला बसली होती. मांडीवर वेळूची काठी. शेजारी आईसाठी जागा ठेवलेली.

मथुरा लेकीजवळ गेली. बसली नाही. काठी तिच्या मांडीवरून उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग चुलवणाकडं चालायला लागली. एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं पाऊल. भागीरथी चिकाचं भांडं उचलत होती. मथुरा म्हणाली, "जाऊबाई, आज चीक मी शिजवते."

साऱ्या बाया तिच्याकडं वळल्या. गलका थांबला, गाणं थांबलं. सासू म्हणाली, "अगं, आज नको. आज तानीचा दिवस आहे. चार पायल्या गव्हाचा चीक आहे."

मथुरा म्हणाली, "आत्याबाई, तानीचा दिवस आहे, म्हणूनच आज."

भागीरथीनं भांडं हातातून सोडलं नाही. मथुरेनंही हात मागं घेतला नाही. दोघी जावा क्षणभर एकमेकींकडं बघत राहिल्या. मग भागीरथी हसली. म्हणाली, "घे बाई. माझा दंडही आता भरून येतो."

मथुरेनं लाकडी दांडा हातात घेतला. दुसऱ्या हातानं चीक ओतायला लागली. ओततेय, ढवळतेय, ओततेय, ढवळतेय. तों काय झालं? चिकात गुठळ्या झाल्या. एक नाही, दोन नाही, गुठळ्याच गुठळ्या. बाया पुढं सरकल्या. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी "अगंबाई" म्हणाली. तानी भिंतीकडं गेली आणि तिनं पुन्हा काठीला हात घातला.

मथुरेच्या ओठावर ते तीन शब्द आले. माझा हातच... एवढे आले. तिनं ते दातात धरले आणि पातेल्यात बघितलं. बरणी का नासली होती? ओली होती. मग गुठळ्या का झाल्या? आणि तिला दिसलं. जाळ भडकलाय. आपण भीतीपायी भसकन ओतलं. एवढंच.

मग काय, मथुरेला चेव आला. पायानं दोन लाकडं मागं ओढली. जाळ बसला. दोन्ही हातांनी दांडा धरला. एकेक गुठळी पातेल्याच्या कडेला दाबायची, फोडायची, फिरवायची. पदर सुटला, तो खोचला. घाम डोळ्यांत गेला, तो खांद्यानं पुसला. ओरडून म्हणाली, "जाऊबाई, तांब्याभर आधणाचं पाणी घाला. दांडा घेऊ नका, नुसतं पाणी घाला." भागीरथीनं पाणी घातलं. दांडा मागितला नाही. मथुरा ढवळतेय, बाया श्वास धरून बघताहेत. एक घटका गेली. गुठळ्या निम्म्या झाल्या, मग चार उरल्या, मग एक उरली, मग तीही विरली. चीक आरशासारखा चकाकायला लागला, दांड्याला सोडून मऊ पडायला लागला. भागीरथीनं बोटानं चाखला, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बायांनो, सोरे आणा. चीक झालाय."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. सोरे आले, तेलाचं बोट फिरलं, गरम चीक भरला गेला. मथुरेनं सोऱ्या उचलला आणि हाक मारली, "तानी, ये."

तानी म्हणाली, "आई, माझा हात तुझ्यावर गेलाय."

मथुरा म्हणाली, "गेलाय ना? मग लवकर ये. चीक निवतोय."

तानी आली. आईच्या हातावर हात ठेवला. दोघींनी सोऱ्या दाबला. पहिली कुरडई पडली. कशी पडली? इकडं लांब, तिकडं आखूड, मधे तुटलेली. तानीचे डोळे भरले. "वाकडी झाली."

आता ऐका, मथुरा काय म्हणाली. छान आहे, असं नाही म्हणाली. राहू दे, असं नाही म्हणाली. म्हणाली, "वाकडी झाली. का झाली?"

तानीनं कुरडईकडं बघितलं, सोऱ्याकडं बघितलं. म्हणाली, "मी फिरवायच्या आधीच दाबलं."

"मग आता?"

"आता फिरवत फिरवत दाबीन."

दुसरी कुरडई पडली, ती बरी झाली. तिसरी पडली, ती गोल झाली, गरगरीत झाली. तानीनं अशी आरोळी ठोकली, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. आणि सगळ्या तिसरीकडं बघत होत्या, तेवढ्यात कावळा आला. राखायला कोणी नव्हतंच की. त्यानं पहिली वाकडी कुरडई चोचीत धरली आणि पोबारा केला. बाया ओरडल्या, पोरं धावली, तानी हसत सुटली. तेव्हा कोण उठलं? सासू उठली. भिंतीची काठी घेतली, कडेला जाऊन बसली, म्हणाली, "घाला गं पोरींनो. कावळे मी राखते."

कुरडया घालून झाल्या. पाच बायांनी तानीच्या तळहाताला कुंकू लावलं. सासूही कुंकवाची कोयरी घेऊन आली. म्हणाली, "मथुरे, एवढं कसब असून इतकी वर्षं कडेला का बसलीस गं?"

मथुरा म्हणाली, "आत्याबाई, माझा हात नासका म्हणून."

"असं कोण मेलं म्हणालं?"

"तुम्ही."

"मी? कधी?"

सासूला आठवत नव्हतं. लोणचं सांगितलं, आठवलं नाही. बाया सांगितल्या, आठवलं नाही. कपाळाला हात लावून ती म्हणाली, "अगं, मी चार दिवस रागात असेन. तू बारा वर्षं सांभाळलंस? एकदा विचारायचं तरी मला." मग ती मथुरेजवळ सरकली. म्हणाली, "बोलले असेन. वाईट बोलले." आणि तिनं मथुरेचे दोन्ही हात पुढं ओढले आणि दोन्ही तळहातांना कुंकू लावलं. बारा वर्षांपूर्वी लावायचं ते त्या दिवशी लावलं.

तेवढ्यात दारात म्हातारी उभी. "भूक लागली गं बाई." मथुरेनं वाटीत गरम चीक घातला, वर दूध घातलं, पुढं ठेवला. कुणाला हात लावू दिला नाही. आधी रडली नाही. म्हातारीनं सगळा खाल्ला आणि काहीच बोलली नाही. मथुरा वाट बघून बघून म्हणाली, "आजी, कसा झालाय?"

म्हातारी म्हणाली, "मला काय विचारतेस? तू सांग."

मथुरेनं पातेल्यातला चीक बोटानं चाखला. म्हणाली, "मीठ कणभर जास्त पडलंय. पण छान झालाय." मग थांबली, आणि पुढचं म्हणाली. "मी केलाय."

म्हातारी उठली. मूठभर गहू उंबऱ्यावर ठेवले नाहीत. मथुरेच्या पदरात घातले. बघते तों म्हातारीचं जुनेर पिवळं पीतांबर झालेलं, हातात हिरवा चुडा, आणि दोन्ही तळवे चिकानं माखलेले. मथुरेनं पायांवर डोकं ठेवलं, वर बघितलं, तों कोणी नाही. दाराशेजारच्या भिंतीवर दोन पंज्यांचे पांढरे ठसे तेवढे उमटले होते.

पदरातले गहू मथुरेनं पुढच्या वर्षी पेरले आणि आलेलं पीक आळीतल्या घराघरांत वाटलं. तानी मोठी झाली, सासरी गेली. पहिल्याच महिन्यात तिथं तिच्या हातून कढी फुटली. सासरच्या बाया म्हणाल्या, "हिचा हात..." तानी म्हणाली, "जाळ मोठा झाला. उद्या बारीक ठेवीन." आणि दुसऱ्या दिवशी तिनं कढी केली.

जशी हातगौर मथुरेला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. जे तीन शब्द कुणी म्हटले आणि आपण सांभाळले, ते गळून पडोत. आता बायांनो, मुठी उघडा. तांदूळ देवीला वाहा. वाहिलेत? आता रिकामा तळहात नीट बघा, आणि काल या हातानं काय केलं, ते एकेकीनं मोठ्यानं म्हणा. काही नाही, घरातलंच, असं म्हणणारीला प्रसाद मिळायचा नाही. ही साठा उत्तरांची कहाणी, आपल्या पाचा बोटांत सुफळ संपूर्ण.